गेलं, दोन बोटं

आधी माफी मागतो. शंकरअण्णांवर लिहावं असा मी कोणी नाही. निपाणीच्या कचेरीबाहेर त्यांच्याकडून आपल्या घरचे जुने मोडी कागद वाचून घेतलेले कितीतरी लोक आहेत. त्यांत वकील आहेत, मास्तर आहेत, चार ओळी नीट लिहिता येणारी माणसं आहेत. त्यांच्यापैकी कुणी लिहिलं असतं तर बरं झालं असतं. मी बेळगावात इतिहास विषय घेऊन एम. ए. करतो. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मीच पहिला. पुरवणीतले असे लेख मी वाचत आलोय, लिहिला एकही नाही. हा तीन वेळा लिहून फाडला... पण अण्णांना जाऊन सहा आठवडे झाले, आणि त्यांच्या शेवटच्या दिवसांबद्दल मला जे ठाऊक आहे ते फार थोड्यांना ठाऊक आहे. ते माझ्याजवळ ठेवून घ्यायचा मला हक्क नाही, एवढ्याच कारणासाठी लिहितोय.

शेवटची भेट त्यांच्या खोलीत झाली. तंबाखूच्या जुन्या वखारीला लागून दोन खोल्या, बाहेरच्या खोलीत खाट, खाटेसमोर खिडकी. दुपारचे चार वाजले असतील. अण्णा भिंतीला टेकून बसले होते, पाय सुजले होते. त्यांची मुलगी सुमनआक्का शाळेवरून येऊन चहा टाकत होती. मी आत जाताना मनातून घाबरलो होतो, कारण त्याआधी दोन महिने ते माझ्याकडं एकच गोष्ट मागत होते आणि मी ती आणली नव्हती. पण त्या दिवशी त्यांनी तिचं नावच काढलं नाही. "पेपर कवा हाय तुजा?" एवढंच विचारलं. विद्यापीठातल्या चर्चासत्रात मी निबंध वाचणार होतो, त्याला आम्ही सगळे पेपरच म्हणायचो. मी म्हटलं, "येत्या शुक्रवारी, अण्णा." ते म्हणाले, "झाला की ये. आणि आईला आण. या खेपंला चुकवू नको." मी उठलो तसं त्यांनी हात पुढं केला. "तुजं पेन ठिवून जा. काळं हाय न्हवं?" उशीखालून मी दिलेल्या छापील पानांची कड दिसत होती. पानं पालथी घातलेली होती. आजारपणात विसरले वाटतं, सुटलो, असं मला वाटलं... लिहायला बरं वाटत नाही, पण मला वाटलं ते हेच.

अण्णांना मी पहिल्यांदा भेटलो तेव्हा माझ्याजवळ मोडीचं प्रमाणपत्र होतं आणि मोडी येत नव्हती. सुटीतल्या वर्गात अक्षरं घोटली होती. परीक्षेतला छापील उतारा वाचता आला होता. पण खऱ्या कागदावर सगळी ओळ एका दमात लिहिलेली, शब्द तोडलेले नाहीत, वेलांट्यांचा भरवसा नाही. आमच्या सरांनी सांगितलं, निपाणीला कचेरीच्या ओसरीत एक म्हातारा टेबल टाकून बसतो, त्याला जाऊन भेट. गेलो. जाड भिंगाचा चष्मा, खिशात तीन पेन, टेबलावर दगडाखाली स्टॅम्पपेपर. मी प्रमाणपत्राचं सांगितलं. शेजारच्या टायपिस्टाकडं बघून ते म्हणाले, "बघ गा, साहेब आलंय सर्टिफिकेट घिऊन. आता मलाच शिकवत्यात." मग माझा पडलेला चेहरा बघून खुर्ची पुढं सरकवली. "बस रं. खाली बसून कोण शिकत न्हाय हितं."

त्यांचे वडील बेळगावात शहापूरला मागावर बसायचे. अण्णा मॅट्रिकला दोनदा नापास झाले आणि एका वकिलाच्या जुन्या कारकुनाच्या हाताखाली लागले. तिथं मोडी शिकले. पुढं पन्नास वर्षं लोकांना त्यांच्याच पणजोबांचे कागद वाचून दाखवले. इतिहासाचं एकही पुस्तक त्यांच्याकडं नव्हतं. कुणी त्यांना इतिहास संशोधक म्हटलं की चिडायचे. "मी वाचून दावतो. संशोधन तुमी करा, पगारवाली."

पण वाचायची त्यांची एक रीत होती. कागद टेबलावर ठेवून ते कधी वाचत नसत. खिडकीपाशी उभे राहायचे, कागद उजेडात तिरका धरायचे, आधी पाठ बघायचे, मग पोट. मग मोठ्यानं वाचायचे आणि मी लिहून घ्यायचो. जिथं वाळवीनं किंवा पाण्यानं अक्षरं गेलेली असतील तिथं थांबायचे, कागदावर बोटं टेकवायचे आणि म्हणायचे, "गेलं, दोन बोटं." की मी वहीत दोन बोटं जागा कोरी सोडायची. कधी "गेलं, एक बोट", कधी "गेलं, अख्खी ओळ". एकदा एका कागदात वाक्य असं होतं की त्या गेलेल्या जागेत "गावचे" हा शब्द सोडून दुसरं काही बसणारच नाही. मी लिहून टाकला. अण्णांनी वही मागून घेतली, वाचली, आणि ते सगळं पान मला परत लिहायला लावलं. मी म्हटलं, "अण्णा, दुसरं काय असणार तिथं?" ते म्हणाले, "तुला ठावं हाय म्हणून लिवलंस. कागदाला ठावं न्हाय." त्या वेळी मला हा म्हाताऱ्याचा हट्ट वाटला.

ज्या रुमालांत ते कागद बांधून ठेवायचे त्यांत तंबाखूच्या वाळक्या काड्या घातलेल्या असत. वाळवी तिच्या वाटेला जात नाही म्हणायचे. रुमाल सोडला की तो उग्र वास खोलीभर व्हायचा. बाहेरची माणसं शिंकायची, मला काही वाटायचं नाही. माझी आई पंचवीस वर्षं घरी विड्या वळते. आमच्या अंथरुणालाही तोच वास आहे. हे एकदा अण्णांना सांगितलं तर खूप वेळ हसले. "मग तू जल्मापास्नंच दप्तरात हाईस की!"

गेल्या वर्षी सरांना एक प्रकल्प मिळाला. सीमाभागातल्या गावोगावच्या घरांतले मोडी कागद शोधायचे, मोबाईलवर त्यांचे फोटो घ्यायचे, ते एका सॉफ्टवेअरमध्ये घालायचे. ते यंत्र फोटोतली मोडी वाचून देवनागरीत मजकूर काढून देतं. सर चांगले आहेत, माझी फी त्यांनी दोनदा सांभाळून घेतली आहे, त्यांच्याबद्दल वाकडं लिहायचं नाही. पण ते म्हणाले ते वाक्य मला अजून आठवतं. "आता वाचायला माणूस नको मिलिंद. तपासायला एक पुरे." वर्गात सगळ्यांना हायसं वाटलं. मलाही. अण्णांच्या जोडीला बसून एक कागद उतरवायला दोन दिवस जायचे.

माझं गाव सदलग्याजवळ, दूधगंगेच्या काठाला. गावच्या पाटलांच्या घरात जुन्या कागदांचा मोठा रुमाल आहे हे मी लहानपणापासून ऐकलं होतं. दिवाळीच्या सुटीत धीर करून पाटलांच्या थोरल्या मुलाला, विजयदादांना विचारलं. ते चिकोडीत दुकान चालवतात, मोकळ्या स्वभावाचे. लगेच म्हणाले, "घे की. माळ्यावर पडून हाय नुसतं. अण्णांनाबी घिऊन ये, आप्पांच्या वळकीचं हायती." आप्पा म्हणजे त्यांचे वडील, ते त्याच वर्षी वारले होते. मग मी अण्णांना घेऊन गेलो. पाटलांच्या सोप्यात, म्हणजे पुढच्या ओसरीत, आम्ही दोन दिवस बसलो. आमच्या गल्लीतून त्या सोप्यात खुर्चीवर बसलेला बहुतेक मीच पहिला असेन. चहा कपातून आला. मी कप हातात धरून किती वेळ तसाच बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी अण्णांनी हाक मारली. "मिलिंदा, हिकडं ये. हे काय हाय?" लांबोळा कागद होता, खाली बऱ्याच खुणा. मी म्हटलं, "शाईचा डाग हाय, अण्णा." "नीट बघ." कागद उजेडात तिरका झाला तसा तो डाग राहिला नाही. एक विळा होता, आणि त्याच्या शेजारी वेटोळं घातलेला दोर. चिंचोक्याएवढं चित्र, एका ओळीच्या शेवटी.

तो महजर होता. पूर्वी गावात तंटा झाला की पाटील, कुलकर्णी, बारा बलुतेदार, सगळे जमून निवाडा करायचे आणि तो लिहून ठेवायचे, त्याला महजर म्हणत. ज्यांना लिहिता येत नसे ते सहीच्या जागी आपल्या कामाची निशाणी काढत. पाटलाचा नांगर, न्हाव्याचा आरसा, सुताराचं हत्यार. विळा-दोर आमचा. त्या कागदांत आम्हाला महार म्हटलेलं असे. आमच्या गावाचा आणि पलीकडच्या गावाचा शिवेवरून तंटा झाला होता. दोन्ही गावं जमली होती. आणि निवाड्यात लिहिलं होतं की अमक्यानं डोईवर माती घेऊन, म्हणजे शपथेवर, शीव चालून दाखवली, तो चालला तीच शीव दोन्ही गावांनी मानली. त्या अमक्याचं नाव वाळवीनं खाल्लं होतं. अण्णांनी बोटं टेकवली. "गेलं, दोन बोटं." पण त्याच ओळीच्या शेवटी ती निशाणी होती. अण्णा म्हणाले, "नाव गेलं. माणूस ऱ्हायला."

विजयदादा मागं उभे राहून बघत होते. हसत म्हणाले, "आणि आमचा नांगर कुठाय मग?" अण्णा म्हणाले, "हाय की खाली, काय पळाला न्हाय. पर शीव चालाय नांगर न्हवता पाटील, इळा हुता." तिघंही हसलो. मग अण्णा माझ्याकडं वळले. "आईला घिऊन ये जा. तिला दावू." मी पळतच घरी गेलो. आई विड्यांचं सूप मांडीवर घेऊन बसली होती. ती म्हणाली, "पाटलाच्या सोप्यात जाऊन मी काय करू रं? तू बघितलास न्हवं, मला सांग." मी खूप म्हटलं, ती उठली नाही. अण्णांना येऊन सांगितलं तर म्हणाले, "असू दे. पुना आणू."

त्या दोन दिवसांत मी सगळ्या रुमालाचे फोटो घेतले. जाताना विजयदादांनी विचारलं, "झालं काय सगळं?" माझ्या हातात मोबाईल होता आणि अंगात उत्साह होता. मी म्हटलं, "सगळं ह्यात आलं, दादा. आता कागद असलं काय नि नसलं काय." अण्णा तेव्हा बाहेर चपला घालत होते. त्यांनी ऐकलं की नाही मला माहीत नाही.

शहापूरच्या माझ्या खोलीखाली एक माग चालतो, दिवसभर खटखट असते. त्या आवाजात बसून मी फोटो चढवले. प्रत्येक फोटोखाली "पान स्वच्छ करा" असं बटण होतं. ते दाबलं की कागदाचा पिवळेपणा जायचा, डाग जायचे, पांढऱ्या पानावर काळी अक्षरं उरायची. बघायला इतकं छान वाटायचं. मी सगळीच पानं स्वच्छ केली. मोबाईलची जागा संपत आली होती, म्हणून स्वच्छ केलेली पानं ठेवली आणि आधीचे फोटो काढून टाकले; यंत्रातही स्वच्छ केलेलीच पानं उरली. तसं करायला मला कुणी सांगितलं नव्हतं. मग मजकूर मागितला. चहा पिऊन येईपर्यंत तयार होता, सलग, कुठं एक जागा कोरी नाही. मी चार-पाच पानं अक्षराला अक्षर लावून तपासली, बरोबर आली. पुढची वरवर बघितली. महजरावरच माझा निबंध होता. मजकूर इतका सरळ होता की वाचताना कुठं अडखळलो नाही. अडखळलो नाही म्हणून थांबलो नाही.

खडेबाजारात जाऊन सगळ्या पानांच्या चांगल्या प्रती काढल्या आणि अण्णांना नेऊन दिल्या. त्यांना आनंद होईल असं मला वाटलं होतं. ते खिडकीशी उभे राहिले, सवयीनं पान तिरकं धरलं, पाठ बघितली. पाठ कोरी होती. वाचायला लागले. पहिल्या दोन पानांना मान हलवली. "हुशार हाय रं तुजं यंत्र." मग महजराचं पान आलं. मोठ्यानं वाचत होते, ते थांबले. पुन्हा वाचलं. "पाटलाने डोईवर माती घेऊन शीव चालून दाखविली." बोटं कागदावर तशीच टेकलेली. "मिलिंदा, हितं खाल्लेलं हुतं न्हवं?"

"व्हय, अण्णा."

"मग हे ह्यानं कुठनं आणलं?"

त्यांनी पान उलटसुलट केलं, ओळीचा शेवट बघितला. तिथं पांढरं होतं. मी मोबाईल काढून स्वच्छ केलेला फोटो मोठा करून बघितला, तिथंही पांढरं होतं. यंत्रानं विळा-दोर डाग समजून पुसला होता, आणि नाव नव्हतं तिथं जे बहुतेक कागदांत असतं ते लिहून टाकलं होतं. तेच, जे मी "गावचे" लिहून केलं होतं. फरक एवढाच की माझी वही अण्णांनी मागून घेतली होती. ते खाटेवर बसले. "हेच्यात आपली मानसं न्हाईत रं," म्हणाले. 'तुझी' म्हणाले नाहीत, 'आपली' म्हणाले. मग: "मूळ कागद आण. परत फोटो काडू. मी बगतो बसून. आणि तवर हे कुठं दिऊ नको."

मी "आणतो" म्हटलं. पण निबंध त्याआधीच सरांकडं गेला होता. मी सरांना सांगितलं, तेवढं मी केलं. ते घाईत होते, म्हणाले, "एका शब्दानं काय होतंय? नंतर शुद्धिपत्रक जोडू." मजकूर प्रकल्पाच्या संकेतस्थळावर चढला. महिनाभरानं आमच्याच वर्गातल्या एकानं गंमत म्हणून मोबाईलवरच्या यंत्राला विचारलं, मिलिंदच्या गावची शीव कुणी दाखवली? क्षणात उत्तर आलं, पाटलाने. खाली आधार म्हणून माझं नाव. मित्र म्हणाला, "बघ की लेका, मोठा झालास!" सगळे टाळ्या वाजवत होते. ज्या यंत्रानं ते रचलं, त्याच्या जातीचं दुसरं यंत्र आता माझ्या नावानं तेच सांगत होतं, आणि उद्या तिसरं ह्या दोघांच्या नावानं सांगेल. त्यात कुठंच कुणी "गेलं" म्हणून थांबणार नाही.

अण्णा फोन करायचे. "आणलास काय रं?" मी म्हणायचो, "या रविवारी जातो, अण्णा." कधी परीक्षा होती, कधी सरांचं काम. पण खरं कारण वेगळं होतं. कागद आणला की चूक सगळ्यांसमोर येणार, आणि निबंध वाचायचा मला मिळालेला पहिला मान जाणार. कागद काय, पाटलांच्या माळ्यावर सुरक्षित आहेत, निबंध झाल्यावर आणू. असे दोन महिने गेले. मग अण्णांचे फोन यायचे बंद झाले.

शुक्रवारी निबंध वाचला. भिंतीवर मोठ्या अक्षरांत ती पांढरीशुभ्र ओळ होती, आणि मी ती वाचली. "येथे वाचन शंकास्पद आहे" एवढं म्हणायचं ठरवून गेलो होतो. समोर बसलेले मोठे लोक बघितले आणि म्हटलं नाही. टाळ्या झाल्या. खाली येऊन मोबाईल बघितला तर सुमनआक्कांचे पाच फोन येऊन गेलेले. मी निपाणीला पोचलो तेव्हा माणसं परतत होती. मातीला मी नव्हतो.

दहा-बारा दिवसांनी आक्कांनी बोलावलं. खोली तशीच होती. खिडकीजवळ अण्णांचा हात टेकून टेकून चौकटीचा रंग गेलेला आहे, तो पांढुरका पट्टा तेवढा दिसत होता. आक्कांनी माझं पेन परत दिलं आणि ती छापील पानं दिली. "शेवटचे चार दिवस हेच घेऊन बसायचे. तुला द्यायला सांगितलंय." वरच्या पानावर "पाटलाने" ह्या शब्दावर दोन बोटांएवढी जागा चौकोन करून गिरवून टाकली होती. आणि पानाच्या कोऱ्या पाठीवर माझ्या पेनानं अण्णांनी एक विळा काढला होता आणि वेटोळं घातलेला दोर. खाली मोडीत एक ओळ. ती वाचायला मला यंत्र लागलं नाही. "आठवणीवरून काढले असे. दाखला म्हणून धरू नये."

मला तेव्हा कळलं नाही की मूळ कागद गावात असताना अण्णांनी हे आठवणीवरून का काढावं. आजारी होते, जाता येत नव्हतं, म्हणून असेल, असं मी मनाशी म्हटलं.

ते पान घरी नेऊन आईला दाखवलं. तिनं हात पदराला पुसले, तरी बोटांना तंबाखू होतीच. दोरावरून बोट फिरवत म्हणाली, "हे आमचं?" मी म्हटलं, "व्हय. सगळ्या गावानं मानलं हुतं." ती म्हणाली, "खरं हाय न्हवं रं? का अण्णांनी आपलं आमाला बरं वाटाय काडलं?" मी म्हटलं, "मूळ कागद हाय की. आता मी सोप्यात घिऊनच जातो तुला." तिनं नाही म्हटलं नाही. म्हणाली, "बगू."

त्याच आठवड्यात मी संकेतस्थळावर दुरुस्तीचा अर्ज भरला. त्यात एक रकाना होता, मूळ प्रतीचा फोटो जोडा. तो जोडल्याशिवाय अर्ज पुढं सरकत नव्हता. अण्णांचं चित्र जोडता आलं असतं, पण त्याखाली त्यांनीच लिहून ठेवलं होतं, दाखला म्हणून धरू नये. म्हणून रविवारी मी पाटलांकडं गेलो. आईला म्हटलं, मी पुढं होऊन रुमाल खाली काढायला सांगतो, मग तुला बोलवायला येतो.

विजयदादा सोप्यात पेपर वाचत होते. बस म्हणाले. अण्णांचं वाईट झालं म्हणाले. मी रुमालाचं विचारलं तसे ते माझ्याकडं बघत राहिले.

"तुला अण्णांनी सांगितलं न्हाय व्हय?" ते म्हणाले. "ते कागद संक्रांतीलाच दूधगंगेत सोडलं की रं. आप्पांच्या वर्षाला माळा झाडून काडला. तूच म्हणालतास न्हवं, सगळं ह्यात आलं, आता असलं काय नि नसलं काय? मग असलं जुनं कागद कचऱ्यात कसं टाकायचं? हळद-कुंकू वाहून, नीट सोडलं."

ते सांगत राहिले.

"अण्णा आलतं की मधी. एकटंच, दुपारच्या बसनं. पाय बघवत न्हवतं त्येंचं. हितंच बसलं, तू बसलास तितं. सांगितलं तसं पाणी पिलं. जाताना म्हणालं, पोराला इतक्यात सांगू नगासा, त्येचा पेपर हाय. पेपर झाला की मग सांगा..."

त्यांनी हातातला पेपर घडी करून बाजूला ठेवला.

"झाला न्हवं तुजा पेपर?"